कादंबरीकार वर्गात नेमकं काय करून घेतात? (सर्जनशील लेखनाचा पेपर शिकवायचाय)

तांबडफुटी
मंगळवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी तालुक्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. या सेमिस्टरला एसवायबीएचा 'सर्जनशील लेखन' हा पेपर माझ्याकडे आलाय. 2 क्रेडिट, म्हणजे 30 तास आणि 50 मार्क. पटावर साठेक पोरं, वर्गात येतात चाळीस-पंचेचाळीस. अभ्यासक्रमात कथेची व्याख्या, घटक, प्रकार, मग कवितेची व्याख्या, घटक, प्रकार असं सगळं ओळीनं आहे. ते नोट्स देऊन उरकता येईल पण त्यातून कुणी स्वतःची म्हणून एक ओळ लिहील असं मला वाटत नाही.

अंदाज घ्यायला म्हणून 'काहीही लिहून आणा' असं सांगून बघितलं. आलं काय, तर आई, पहिला पाऊस, मैत्री आणि टीव्हीच्या बातमीतून उचलल्यासारखी शेतकरी आत्महत्या. एक मुलगी आहे, तिचे वडील एसटीत कंडक्टर आहेत, बोलायला लागले की माणसानं ऐकत बसावं असं बोलतात, आणि तिनं लिहून आणलंय की 'माझे बाबा म्हणजे वात्सल्याचा अथांग सागर'. घरची बोली वहीत आणायची पोरांना लाज वाटते, निबंधाची भाषा हीच लिहायची भाषा असं शाळेपासून डोक्यात पक्कं बसलंय.

मग शोधाशोध करताना टोनी मॉरिसन या अमेरिकन कादंबरीकार बाईची एक मुलाखत वाचली. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवताना ती सुरुवातीलाच सांगायची म्हणे की 'जे माहीत आहे ते लिहा' असं तुम्हाला आजवर सांगत आलेत, त्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. एक तर तुम्हाला काही माहीत नाही, आणि तुमचं प्रेम, तुमचे आईबाप, तुमचे मित्र यातलं मला काही ऐकायचं नाही. अनोळखी माणूस डोळ्यासमोर आणा, रिओ ग्रांदच्या काठची इंग्रजी धड न येणारी मेक्सिकन वेट्रेस घ्या नाहीतर पॅरिसमधली एखादी बडी बाई घ्या.

वाचून मी अडकले. माझ्या पोरांना तर त्यांचं जगणं लिहिण्यालायक आहे हेच अजून कुणी सांगितलेलं नाही, त्यांना मी कुठल्या तोंडानं म्हणू की तुमचं सोडा आणि दुसऱ्याचं लिहा? ज्या कादंबरीकारांनी विद्यापीठात खरंच शिकवलंय ते वर्गात काय करून घ्यायचे, कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. व्याख्या नकोत, माझ्याकडे ढीगभर आहेत.


केतकी_पलीकडची
मंगळवार, रात्री 11:55

ताई, मी प्रिन्स्टनपासून गाडीनं जवळच राहते. 2023 मध्ये तिथल्या फायरस्टोन लायब्ररीत मॉरिसनच्या कागदपत्रांचं प्रदर्शन होतं ते मी दोनदा पाहिलं, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

तिचं ते वाक्य सगळीकडे एकटंच फिरतं. ते कुणाला उद्देशून आहे ते आधी बघा. ती तिथे 1989 ते 2006 होती आणि प्रिन्स्टनला क्रिएटिव्ह रायटिंगची एमएफए (म्हणजे लेखनाची पदव्युत्तर पदवी) नाहीच, वर्ग अंडरग्रॅज्युएट मुलांचे असतात. म्हणजे समोर तुमच्या एसवायच्या वयाचीच पोरं, फरक एवढाच की त्यांनी या कॉलेजात शिरायलाच स्वतःविषयी निबंध लिहिलेला असतो. अमेरिकेत अ‍ॅडमिशनसाठी 'माझा संघर्ष, माझी आजी, त्यातून मी काय शिकलो' असा निबंध लागतो, त्याचे कोचिंग क्लासपण असतात. अशा पोरांना पुन्हा स्वतःबद्दल लिहा म्हटलं तर तोच निबंध परत येणार. तिनं ते दार बंद केलं.

दुसरं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं: मॉरिसन प्रिन्स्टनला यायच्या आधी कितीतरी वर्षं संपादक होती. 1983 पर्यंत रँडम हाऊस या प्रकाशनसंस्थेत नोकरी, आणि तिथे तिनं कुणाची पुस्तकं काढली बघा. काळ्यांच्या चळवळीतल्या अँजेला डेव्हिसचं आत्मचरित्र 1974 ला, मुहम्मद अलीचं 1975 ला. म्हणजे जिनं काळ्या माणसांची स्वतःच्या जगण्याची पुस्तकं धडपडून छापून आणली तीच बाई वर्गात म्हणते की तुमचं मला ऐकायचं नाही. तिला आत्मकथनाचं वावडं नव्हतंच. समोर कोण बसलंय आणि त्याची गाडी कुठे अडलीय हे ती बघत होती.

त्याच मुलाखतीत पुढे ती म्हणते की हा उपाय इतका लागू पडायचा की तिचं तिलाच आश्चर्य वाटायचं. आपल्या जगण्याबाहेरचं काहीतरी कल्पायची मोकळीक मिळाली की पोरं एकदम सुटायची.


जुनं_बाड
बुधवार, सकाळी 7:20

केतकीताईंचा मुद्दा पटला तरी माझं मत वेगळं आहे आणि ते ठामपणे मांडतो. मराठीत 'माहीत आहे ते लिहू नका' हा सल्ला देणाऱ्यानं आधी आपल्या वाङ्मयाचा इतिहास आठवावा. 1978 ला दया पवारांचं आत्मकथन आलं, 1980 ला लक्ष्मण मानेंचं आलं, आणि पुढे दहा-पंधरा वर्षं जे येत राहिलं त्यानं मराठी गद्याची भाषाच बदलून टाकली. ही माणसं कुठल्या वर्गात शिकून आली नव्हती. आपल्याला जे माहीत आहे ते छापील मराठीत कुठेच नाही, एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांना त्या वेळी कुणी सांगितलं असतं की तुमच्या आईबापाचं ऐकायचं नाही, पॅरिसच्या बाईचं लिहा, तर?

ताईंच्या वर्गातली कंडक्टरची मुलगी ज्या घरात वाढलीय ते घर मराठी कथेत कितीदा आलंय? 'सागर' कुठून आला हा प्रश्न आहे. तो शाळेतून आला. मग शाळा बाहेर काढा, बापाला कशाला बाहेर काढता.


साखरपट्टा
बुधवार, सकाळी 9:05

बाडसाहेब, तुमचं खरं हाय पण माझा अनुभव जरा आडवा जातो म्हणून लिहितो. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी पोरांचं लिखाणाचं शिबिर घेतो, कॉलेजची आणि शाळा सुटलेली अशी मिसळ असते. आधी मीबी तुमच्यासारखंच म्हणायचो, लेकानो आपल्या घरातलं लिवा, आपल्या भाषेत लिवा. लिवायची न्हाईत. लाज हे एक कारण झालं, पण दुसरंबी हाय, घरातलं लिवलं की घरात वाचलं जातं. बाप दारू पितो हे पोरगं कसं लिहील, वही तर घरातच राहणार. मग सागरच येणार की.

मग एकदा मी चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाला एक माणूस, जो त्यानं कधी बघितला नाही. ससून डॉकवर पहाटे कोळंबी सोलणारी बाई, दीपगृहावरचा नोकर, लखनौचा अत्तरवाला असलं. अट एकच, त्याची एक रात्र लिवायची, आणि त्याला काय वाटतं ते लिवायचं न्हाई, तो काय करतो तेवढंच लिवायचं.

दीपगृहाची चिठ्ठी ज्याला आली तो पोरगा समुद्र बघितलेला नव्हता. बाप साखर कारखान्यात बॉयलरला, हंगामात रात्रपाळी. त्यानं काय लिवलं बघा. दीपगृहाचा नोकर वारा किती हाय ते पत्र्याच्या आवाजावरनं ओळखतो. जहाजाचा भोंगा झाला की उठून घड्याळाची वेळ लावतो. डबा उघडत न्हाई, कारण डबा खाल्ला की झोप येती, म्हणून पहाटं पाचला गार भाकरी खातो. आणि घरी जाताना उजेड डोळ्याला सोसत न्हाई म्हणून टॉवेल डोक्यावरनं पुढं ओढून चालतो. आता हा टॉवेल कुठल्या दीपगृहातला? सगळा बाप उतरला होता, डबा, भाकरी, भोंगा सगळं. पण कुणाला सांगायची सोय न्हाई की हा तुझा बाप. त्यामुळं पोरगं बिनघोर लिवत गेलं. पुढच्या खेपेला त्यानं आपणहून बॉयलरवरचं लिवून आणलं, तेबी चांगलं होतं पण दीपगृह जास्त चांगलं हाय असं माझं मत.

त्यामुळं ताई, घरचं की परक्याचं ह्या भांडणात पडू नका. परक्याचं द्या, घरचं येतंय आपोआप मागनं.


जुनं_बाड
बुधवार, सकाळी 9:31

टॉवेलचं वाचून थांबलो. वही घरात वाचली जाते हे मी लक्षात घेतलं नव्हतं, आणि मुलींच्या बाबतीत तर ते जास्तच लागू आहे. ताई, चिठ्ठ्यांचा प्रयोग करा. फक्त एक करा, चिठ्ठीतला परका माणूस दरवेळी दूरचाच नको, वर्गातल्या कुणाच्या तरी वस्तीतला पण असू दे. गावातला परका लिहायला सगळ्यात अवघड असतो.


दिवाळीअंकवेडा
बुधवार, दुपारी 1:48

चर्चा मस्त चाललीय, माझी भर अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगटची. हा 1965 ते 67 आयोवा विद्यापीठाच्या रायटर्स वर्कशॉपला शिकवायला होता. (आयोवाचं नाव काढलं की आपल्याकडे दिलीप चित्रे आठवतात, पण ते गेले होते तो इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम, 1967 ला सुरू झालेला, तो जगभरच्या लेखकांना बोलावतो. पदवीचं वर्कशॉप वेगळं, ते 1936 पासूनचं. या दोघांची कायम गल्लत होते.) व्हॉनेगट तिथे आला तेव्हा त्याचं बरं चाललेलं नव्हतं, पुस्तकं खपत नव्हती, ज्या कादंबरीनं तो जगभर गेला ती 1969 ला आली आणि वर्गात शिकवत होता त्या दिवसांत तो तिच्याशीच झगडत होता. म्हणजे पोरांसमोर उभा असलेला माणूस स्वतः अडकलेला लेखक होता आणि ते वर्गाला बरंच असतं असं माझं मत आहे.

त्यानं नोव्हेंबर 1965 मध्ये वर्गाला दिलेला एक गृहपाठ पुढे छापला गेलाय, तो ताई तुम्ही जसाच्या तसा उचलू शकता. पंधरा कथांचं एक संकलन वाचायचं, मजेसाठी वाचायचं, अभ्यास म्हणून नाही. मग एका कोऱ्या कागदावर अनुक्रमणिका उतरवायची आणि पान नंबराच्या जागी प्रत्येक कथेला ए पासून एफ पर्यंत ग्रेड द्यायची. ग्रेड कशावरून, तर लहान पोरासारखं हट्टानं आणि उद्धटपणे, मला मजा आली की नाही एवढ्यावरून. ते झालं की असं समजायचं की तुम्ही एका चांगल्या वाङ्मयीन मासिकात दुय्यम पण कामाचे संपादक आहात, आणि मासिकाचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. सगळ्यात आवडलेल्या तीन आणि सगळ्यात न आवडलेल्या तीन कथा छापायला आल्यात असं धरून प्रत्येकीवर वरिष्ठांना अहवाल लिहायचा. वरिष्ठ कसे, तर शहाणे, मान असलेले, विनोदाची जाण असलेले आणि जगाला कंटाळलेले. समीक्षकासारखं लिहायचं नाही, कलेच्या धुंदीतपण नाही, आणि बाजारात उभं राहिल्यासारखंही नाही. गोष्ट कशानं उभी राहते आणि कशानं पडते याचे ज्याला चार व्यवहारी अंदाज आहेत अशा माणसासारखं लिहायचं.

मी हे आमच्या वाचक गटात एका दिवाळी अंकावर केलं. आमच्यात एक काकू आहेत, आयुष्यभर पोस्टात काउंटरवर होत्या, कथा-बिथांवर कधी तोंड उघडायच्या नाहीत. त्यांनी एका नावाजलेल्या लेखकाच्या कथेला एफ दिला आणि अहवालात लिहिलं, 'साहेब, या कथेतली बाई तिसऱ्या पानावर मनीऑर्डर घ्यायला येते आणि सही करते, पण पहिल्या पानावर ती निरक्षर आहे. लेखकाला बाईची दया आहे, तिच्याकडे लक्ष नाही. साभार परत.' यावर तासभर चर्चा झाली! 'लेखकाचं पात्राकडे लक्ष नाही' हे मी समीक्षेच्या पुस्तकांत शोधूनही इतकं सरळ वाचलेलं नाही.

सांगायचा मुद्दा, पोरांना आधी लिहायला लावू नका, आधी संपादकाच्या खुर्चीत बसवा. चाळीस पोरं असोत नाहीतर साठ, हे जमतं, कारण एकच अंक झेरॉक्स करून सगळ्यांना देता येतो.


पेन्सिल_एचबी
बुधवार, संध्याकाळी 6:15

वरचे सगळे प्रतिसाद एकाच दिशेला चाललेत असं मला दिसतंय, मॉरिसन संपादक होती, व्हॉनेगट पोरांना संपादक करतोय. मी तिसरा सांगतो, जॉन गार्डनर. हा पुढे मोठा कादंबरीकार झाला पण 1959 च्या सुमारास कॅलिफोर्नियात चिको स्टेट कॉलेजात शिकवत होता तेव्हा त्याची एकही कादंबरी छापलेली नव्हती, ऑफिसात हस्तलिखितांचे खोके. त्याच्या वर्गात पुढे नावाजलेला कथाकार रेमंड कार्व्हर होता, वय वीस-एकवीस, लग्न झालेलं, दोन मुलं, घरात बसून लिहायला जागा नाही. गार्डनरनं त्याला आपल्या ऑफिसची किल्ली देऊन टाकली, शनिवार-रविवारी इथे येऊन लिही म्हणून. ताई, मला विचाराल तर शिकवण्याच्या सगळ्या पद्धतींत ही किल्ली मी पहिली धरतो. तुमच्या कॉलेजात एखादी खोली दुपारी रिकामी असेल तर ती उघडी ठेवा, विशेषतः मुलींसाठी.

आता पद्धत. कथा लिहिणाऱ्यानं पूर्ण सेमिस्टरमध्ये एकच कथा द्यायची, दहा-पंधरा पानांची, पण ती दहादासुद्धा परत लिहावी लागेल अशी तयारी ठेवायची. आणि गार्डनर ती ओळ न् ओळ तपासायचा. कार्व्हरनं नंतर लिहून ठेवलंय की काही शब्द-वाक्यं तो सरळ खोडायचा आणि त्यावर वाद नाही. काहींना मात्र कंस घालायचा, ते कंसातलं बोलून ठरवायचं. माझ्या मते सगळी गोम त्या कंसात आहे. खोडलेलं म्हणजे 'हे चूक आहे', कंस म्हणजे 'हे तुला खरंच म्हणायचंय का'.

कोरडं वाटेल म्हणून एक नमुना देतो. मी एका मुलाचं तपासलं होतं, त्याच्या परवानगीनं थोडं बदलून टाकतो:

'त्या दिवशी आभाळ भरून आले होते. माझे मनही भरून आले होते. आजोबांची आठवण मनाच्या गाभाऱ्यात दाटून आली होती. मी त्यांच्या खोलीत गेलो. खुंटीवर त्यांचा कोट तसाच होता. मी खिशात हात घातला. तंबाखूची डबी होती आणि बसचे तिकीट होते. त्यांच्या मायेच्या स्पर्शाने मी गहिवरून गेलो.'

पहिली तीन वाक्यं मी खोडली. शेवटचंही खोडलं. 'तसाच' या शब्दाला कंस घातला आणि विचारलं, तसाच म्हणजे कसा? तो म्हणाला एक बाही उलटी होती सर, आजोबा घाईत काढायचे. मग तिकिटाला कंस घातला, कुठलं तिकीट? आता तो जरा वेळ घुटमळला, मग म्हणाला, मिरजेचं, दवाखान्याचं, घरी कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी. ही सगळी गोष्ट त्याच्याकडे होतीच, आठ वाक्यांत ती लपून बसली होती. पुढच्या खर्ड्यात एवढंच राहिलं: खुंटी, उलटी बाही, डबी, मिरजेचं तिकीट आणि त्यावरची तारीख. गहिवरून जायचं काम वाचकावर सोडलं.

हे 'विचारणं' वर्गात सगळ्यांसमोर फळ्यावर करा. एका पोराचं आठ ओळींचं लिखाण, नाव न सांगता.


खटाववाडी
बुधवार, रात्री 9:50

पेन्सिलराव, उत्तम लिहिलंत. पण हे सगळं अमेरिकेतून आणायची गरज वाटते याचं मला जरा वाईट वाटतं, कारण आपल्याकडे हे होतं. फक्त विद्यापीठात नव्हतं, गिरगावात खटाववाडीत मौज प्रकाशनाच्या ऑफिसात होतं. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहायचे, पानंच्या पानं. कथा कुठे सैल पडली, कुठलं पात्र उगाच आलंय, शेवट कुठे व्हायला हवा होता. नवख्या लेखकालासुद्धा. कथा परत यायची, परत लिहायची, परत पाठवायची, असं दोन-दोन तीन-तीन वेळा. एका पिढीचं क्रिएटिव्ह रायटिंगचं शिक्षण पोस्टानं झालं म्हणा ना. 1982 ला 'सत्यकथा' बंद पडलं आणि ते काम करणारं दुसरं काही तितक्या ताकदीनं उभं राहिलं नाही. विद्यापीठांनी ते उचलायला हवं होतं. विलास सारंगांसारखा कथालेखक मुंबई विद्यापीठात इंग्रजीचा विभागप्रमुख होता, 'सर्जनशोध आणि लिहिता लेखक' हे त्यांचं पुस्तक ताई तुम्ही मिळवाच, पण अशी माणसं असूनही मराठीत लिहायचा वर्ग असा कायमचा उभा राहिला नाही.

आता दुसरी बाजू, ती सांगितली नाही तर अर्धवट होईल. याच 'सत्यकथे'ची साठीच्या दशकाच्या अखेरीला लिटल मॅगझिनवाल्या, म्हणजे स्वतःची छोटी अनियतकालिकं काढणाऱ्या पोरांनी होळी केली. त्यांचं म्हणणं असं की तुमच्या कंसातून आणि खोडण्यातून एकाच चवीची कथा गाळून निघते, आमची भाषा तुमच्या चाळणीतून खाली येतच नाही. हे म्हणणं खोटं नव्हतं. नामदेव ढसाळांची कविता कुठल्या संपादकानं 'नीट' करायला घेतली असती तर काय राहिलं असतं?

आणि तुमच्या कार्व्हरचंच पुढे काय झालं ते बघा. गार्डनर सांगायचा पंचवीस शब्दांचं काम पंधरात होत असेल तर पंधरा वापर. नंतर गॉर्डन लिश हा संपादक भेटला, तो म्हणे पंधराचं पाचात कर. 1981 च्या संग्रहात त्यानं कथा इतक्या कापल्या की जवळजवळ निम्मा मजकूर गेला, शेवट बदलले. कार्व्हरनं 1980 च्या जुलैत त्याला पत्र लिहून अक्षरशः विनवलं की हे थांबव. पुस्तक तसंच आलं, गाजलंही. मूळ कथा वाचायला 2009 उजाडावं लागलं, तेव्हा कार्व्हर जाऊन वीसेक वर्षं झाली होती. लिश हुशार नव्हता असं नाही, पण त्यानं कंस घातलेच नाहीत, सगळं खोडतच गेला.

म्हणून ताई, कंडक्टरच्या मुलीनं उद्या घरची बोली आणली आणि तुम्हाला एखादा शब्द कळला नाही तर तो खोडू नका.


केतकी_पलीकडची
गुरुवार, पहाटे 4:10

हे वाचून राहवलं नाही. इकडच्या वर्कशॉपमध्ये एक जुना नियम आहे, ज्याच्या कथेवर चर्चा चाललीय त्यानं तोंड उघडायचं नाही, सगळे बोलतील, त्यानं नुसतं लिहून घ्यायचं. गेल्या काही वर्षांत यावर बरीच टीका झालीय, जुनो डियाझ या लेखकानं 2014 ला लेख लिहिला होता, की हे वर्ग फारच गोरे असतात. आता अशा वर्गात एकटा गप्प बसलेला दुसऱ्या समाजातला लेखक, त्याला त्याच्याच आजीबद्दल इतर लोक सांगतात की ही पटत नाही. माझी एक मैत्रीण इथे एमएफए करत होती, तिच्या कथेत सासू सुनेशी थेट न बोलता भांड्यांच्या आवाजातून बोलते. वर्ग तासभर म्हणत राहिला की ही सासू गप्प का आहे, हिचं मोटिव्हेशन काय. तिला सांगायची परवानगी नव्हती की ती गप्प नाहीये!

तुमच्या वर्गात हा गप्प बसायचा नियम आणूच नका. लिहिणाऱ्यानं आधी सांगावं की मला अमुक एका जागेबद्दल शंका आहे, तिथेच बोला.


तांबडफुटी
गुरुवार, दुपारी 12:30

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. साखरपट्टा दादा, तुमचा टॉवेल स्टाफरूममध्ये वाचून दाखवला, दोघीजणींनी फोटो काढून घेतला.

एक अडचण राहिली, मार्क. 35 मार्कांची लेखी परीक्षा विद्यापीठाची आहे, तिथे व्याख्याच येणार, त्यात मला काही करता येत नाही. 15 मार्क अंतर्गत, ते माझ्या हातात. पण लिखाणाला मार्क द्यायचे म्हणजे ज्याच्या घरात पुस्तकं आहेत तोच वर जाणार आणि पंचेचाळीस जणांच्या दहा-दहा खर्ड्यांवर कंस घालणं मला एकटीला होणार नाही, बाकीचे तीन वर्ग आहेत.


पेन्सिल_एचबी
गुरुवार, रात्री 8:05

पंचेचाळीस पूर्ण कथा घेऊच नका. एक पान, एकच, आणि ते सेमिस्टरभर. पाच-पाचचे गट करा, पहिल्या दोन खर्ड्यांवर गटानं कंस घालायचे, खोडायचा हक्क गटाला द्यायचा नाही. तिसऱ्यावर तुम्ही घाला, तोवर पान बरंच सुधारलेलं असतं, एकाला दहा मिनिटं पुरतात.

15 मार्क असे करता येतील. व्हॉनेगटचा संपादकी अहवाल 5, त्यात घरची पुस्तकं फारशी कामाला येत नाहीत, पोस्टातल्या काकूंनी दाखवलंच. उरलेले 10 पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यातल्या अंतराला, दोन्ही एकत्र स्टेपल करून घ्यायचे आणि सोबत अर्धं पान: कुठला कंस मानला, कुठला नाही मानला आणि का. 'नाही मानला' ज्यानं नीट सांगितलं त्याला पूर्ण मार्क द्या. पहिला खर्डा जितका साधा तितकी पुढे जायला जागा जास्त, त्यामुळे सागरवालीचं नुकसान होत नाही, उलट फायदाच.


साखरपट्टा
गुरुवार, रात्री 8:40

आणि वह्या कॉलेजातच ठेवा ताई. कपाटाला कुलूप लावा. घरी जाणार न्हाई म्हटलं की पोरं काय काय लिवत्यात बघा.


तांबडफुटी
गुरुवार, रात्री 10:15

कपाट मिळतंय, ग्रंथपाल मॅडम देतायत, किल्ली माझ्याकडे आणि एक त्यांच्याकडे. उद्या सव्वाअकराचा तास आहे. गेल्या वर्षीच्या एका दिवाळी अंकातल्या सहा कथा झेरॉक्सला टाकल्यात, लेखकांची नावं झाकून, म्हणजे पोरांना एफ द्यायला भीती वाटणार नाही. चिठ्ठ्या पुढच्या आठवड्यात. जुनं_बाड सर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे दहा चिठ्ठ्या गावातल्याच लिहिल्यात: बाजार समितीतला हमाल, रात्रीचा एटीएमचा वॉचमन, उरसात पाळणा लावणारी बाई, दुपारी दोनला स्टँडवर चहा विकणारा. कंडक्टर टाकू की नको यावर अजून माझं ठरत नाहीये, तिच्याच हातात आली तर काय करायचं, कुणी सुचवा.